आई अकरा दिवस दवाखान्यात असताना मुलांनी कोठे राहायचे? तात्पुरत्या बालसंगोपनाला शासनाचा आधार आहे की नाही?

तापीकाठची_शिक्षिका (चोपडा तालुका)

नमस्कार. गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गातील एका मुलीच्या घरी जे घडले, त्यावरून हा धागा काढत आहे. मुलगी दुसरीत आहे, वय सात. तिचा भाऊ तीन वर्षांचा. आई केळी कापणीच्या टोळीत घड वाहण्याचे काम करते. वडील सुरतेला यंत्रमागावर आहेत आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा घरी येतात. एका रात्री आईच्या पोटात असह्य दुखू लागले, गावातील डॉक्टरांनी जळगावला हलवण्यास सांगितले आणि तेथे तातडीने शस्त्रक्रिया करावी लागेल असे ठरले. संमतीपत्रावर अंगठा उठवण्याआधी त्या बाईने विचारलेला प्रश्न एवढाच होता: "पोरेस्ले कोनाकडे ठेवू?"

सासू-सासरे हयात नाहीत, माहेर मध्य प्रदेशात सेंधव्याच्या पलीकडे. वडील दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचले, तीन दिवस राहिले आणि खाडा वाढला तर माग दुसऱ्याच्या हाती जाईल या भीतीने परत गेले. मी एका शासकीय कार्यालयात फोन केला. तेथून विचारणा झाली, "मुले अनाथ आहेत का?" मी नाही म्हटल्यावर, "मग आमच्याकडे त्यांच्यासाठी काही नाही," असे सांगून फोन ठेवण्यात आला. शेवटी मुलगी अकरा दिवस माझ्याकडे राहिली आणि धाकट्याला आईच्या चुलत बहिणीने शिरपूरला नेले. तो रोज रात्री रडत असे, असे नंतर कळले.

मला उपकाराची गोष्ट सांगायची नाही. माझे प्रश्न साधे आहेत. अशा वेळी रीतसर मार्ग कोणता होता? मी एका परक्या मुलीला अकरा दिवस घरी ठेवले, ते कायद्याच्या दृष्टीने योग्य होते का? आणि त्या चुलत बहिणीने, जी स्वतः शेतमजूर आहे आणि जिने त्या दिवसांची मजुरी बुडवली, तिला शासनाने काही द्यायला हवे की नको? हे विचारण्याचे कारण असे की, डॉक्टरांनी त्या आईला आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी पुन्हा बोलावले आहे.

केळीवाला_रावेर

ताई, आपण केलेत ते माणुसकीचे काम आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण प्रत्येक गोष्टीत सरकारला ओढण्याची आपल्याला सवय लागली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या भागात भाऊबंदकी कितीही असली, बांधावरून डोकी फुटली, तरी संकटात भावकीतले पोर उपाशी झोपत नाही. उद्या मावशीला सरकारकडून दिवसाचे पैसे मिळू लागले, तर परवा आत्या म्हणेल की पैसे आल्याशिवाय मी पोर ठेवणार नाही. शिवाय त्या पैशांसाठी कागद, कागदासाठी चकरा, चकरांसाठी एजंट. मी पीक विम्याच्या बाबतीत हे सारे पाहिले आहे. नात्यातली गोष्ट नात्यातच राहू द्यावी.

धुळे_वकील

दोन्ही प्रतिसाद वाचले. आधी ताईंच्या प्रश्नातील कायद्याचा भाग घेतो, कारण कार्यालयाने विचारलेला "अनाथ आहेत का?" हा प्रश्नच चुकीचा होता.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ यातील कलम २(१४) मध्ये 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' कोणाला म्हणावे, याची लांबलचक यादी आहे. तीत अनाथ मूल आहेच; परंतु ज्याचे पालक हयात आहेत आणि ते मुलाची काळजी घेण्यास असमर्थ असल्याचे बालकल्याण समितीला आढळते, असे मूलही त्याच यादीत आहे. भूल देऊन शस्त्रक्रियेच्या टेबलावर ठेवलेली आणि नंतर आठवडाभर खाटेवरून उठू न शकणारी एकटी आई या अर्थाने असमर्थ ठरू शकते, असे मी कोणत्याही समितीपुढे ठामपणे मांडेन. असमर्थ हा शब्द येथे दोष दाखवत नाही, परिस्थिती दाखवतो. पण मराठीत तो वाचताना आईला कमीपणा दिल्यासारखे वाटते आणि गोंधळाची सुरुवात तेथूनच होते.

प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. तिच्यात एक अध्यक्ष व चार सदस्य असतात आणि सदस्यांपैकी किमान एक महिला असावी लागते. समितीने महिन्यातून किमान २० दिवस बसावे, असे कायदा सांगतो. समिती बसलेली नसेल, तर मुलाला एकट्या सदस्यापुढेही हजर करता येते, म्हणजे रविवार किंवा सणाची सुट्टी ही सबब होऊ शकत नाही. हजर कोणी करायचे? कलम ३१ मध्ये पोलीस, लोकसेवक, सामाजिक कार्यकर्ता, जागरूक नागरिक आणि स्वतः मूल यांच्याबरोबर परिचारिका, डॉक्टर व रुग्णालयाचे व्यवस्थापन यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे ज्या दवाखान्यात ती आई दाखल झाली, त्या दवाखान्यालाच ही हालचाल करता आली असती. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत मूल समितीपुढे यावे लागते.

आता मुख्य मुद्दा. कलम ३७ खाली समिती जे आदेश देऊ शकते, त्यांत मुलाला 'योग्य व्यक्ती'कडे दीर्घकाळासाठी किंवा तात्पुरते सोपवण्याचा आदेश आहे. 'तात्पुरते' हा शब्द कायद्यातच आहे, मी माझ्या पदरचा घालत नाही. ती चुलत बहीण किंवा ताई, आपण स्वतः, अशी योग्य व्यक्ती ठरू शकला असता आणि अकरा दिवसांच्या आदेशाने मूल घरच्यासारख्या घरात राहिले असते.

आपण मुलीला ठेवले ते बेकायदा होते का? आईच्या तोंडी संमतीने ओळखीच्या घरी चार दिवस राहिलेले मूल म्हणजे गुन्हा नव्हे. परंतु त्या अकरा दिवसांत मुलीला ताप चढला असता, सलाईन लावण्यासाठी सही लागली असती, किंवा वडिलांच्या भावकीतल्या कोणी "माझी पुतणी परक्या घरी का?" म्हणून ठाण्यात अर्ज दिला असता, तर आपल्या हातात एक कागदही नव्हता. केळीवाला जिभाऊ, कागदाचा हा उपयोग आहे. तो सांभाळणाऱ्या माणसाला जपतो. आणि दुसऱ्या बाजूने पाहिले, तर शेजारी म्हणून पुढे आलेला प्रत्येक जण ताईंसारखाच असेल असे नाही; मूल कोणाच्या घरी जात आहे, हे कोणीतरी डोळ्यांनी पाहून यावे, हाही त्यामागचा हेतू आहे.

निवृत्त_पर्यवेक्षिका (नंदुरबार)

वकीलसाहेबांनी कायदा बरोबर सांगितला. मी तीस वर्षे अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षणाचे काम केले असल्यामुळे हा कायदा गावापर्यंत येता येता कोठे अडतो, ते सांगते.

पहिली अडचण भीतीची आहे. गावात 'समिती' म्हटले की बायकांच्या मनात एकच चित्र येते: सही केली, मूल गेले. अक्कलकुव्याकडच्या एका पाड्यावर क्षयाने आजारी असलेल्या आईला मी बालगृहाबद्दल सांगू लागले, तेव्हा तिने मुलाला उचलून घरात नेले आणि दार लावून घेतले. तिची चूक नव्हती. तिला कोणीतरी सांगितले होते की, सरकार मुले घेऊन दत्तक देते. कायमचे सोडून देण्यासाठीचे समर्पणपत्र वेगळे असते, त्यातही पालकांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात आणि तात्पुरत्या सांभाळाचा त्याच्याशी काही संबंध नसतो, एवढे तिला तिच्या बोलीत समजावून सांगणारे माणूस तिच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. आम्हीही मराठीत सांगत होतो आणि ती भिलीत ऐकत होती.

दुसरी अडचण वेळेची. अंगणवाडी सकाळची काही तासच असते. पूर्वीच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत महिन्याला २६ दिवस आणि दिवसाला साडेसात तास असा हिशेब होता. आता केंद्राच्या महिलांसाठीच्या मिशन शक्तीखाली 'पाळणा' या नावाने अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची योजना आहे, तीही सहा महिने ते सहा वर्षे या वयाच्या मुलांसाठी आणि दिवसापुरतीच. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यातही अशी तरतूद होती की, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आली, तर मजूर बायांपैकी एकीला त्यांच्यावर लक्ष ठेवण्यासाठी नेमावे आणि तिला मजुरी द्यावी. दिवस सांभाळण्याचा विचार शासनाने अनेक ठिकाणी केला आहे. रात्रीचा विचार मात्र अनाथालयाशिवाय कोठे दिसत नाही, आणि आजारपण तर दिवस-रात्र पाहून येत नाही.

आता एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. दिवाळी आटोपली की आमच्या धडगाव-तळोद्याकडची कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला जातात. अशा मुलांसाठी शिक्षण विभागाने हंगामी वसतिगृहे चालवली. नाव वसतिगृहाचे, पण बऱ्याच ठिकाणी मूल आपल्याच गावात राही, शाळेत दोन वेळ जेवे आणि रात्री आजी किंवा काकूकडे झोपे. पुढे २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ शासकीय वसतिगृहांची संत भगवान बाबा योजना आली. म्हणजे आईवडील गावात नसताना मुलाला चार-पाच महिने गावातच, ओळखीच्या माणसांत ठेवून जेवूखाऊ कसे घालायचे, हे शासनाला माहीत आहे. ते त्याने करून दाखवले आहे. फक्त आईवडिलांची गैरहजेरी साखर कारखान्याच्या हंगामात पडली पाहिजे. आषाढात अपेंडिक्स फुटले, तर ती सोय नाही.

गाव बाल संरक्षण समिती प्रत्येक गावात असायला हवी. सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव. माझ्या पाहण्यातील बहुतेक गावांत ती रजिस्टरात आहे. तीन महिन्यांच्या सभेच्या सह्या एकाच दिवशी, एकाच पेनाने झालेल्या मी स्वतः पकडल्या आहेत. पण सेविकेलाही दोष किती द्यावा? पोषण आहार, वजने, मोबाइलवरची माहिती आणि वर निवडणुकीचे काम, इतके सारे सांभाळून ती समितीचे सचिवपद चालवते.

बालगृहात_काम_केलेला (जळगाव)

मी सहा वर्षे एका बालगृहात काळजीवाहक होतो, आता दुसरे काम करतो. कोणी विचारत नाही म्हणून सांगतो की, आठ-दहा दिवसांसाठी बालगृहात आलेल्या मुलाचे काय होते.

मूल येते तेव्हा त्याची नोंद, फोटो, वैद्यकीय तपासणी, कपडे या सगळ्या गोष्टी होतात. त्या नियमाप्रमाणे होतात आणि त्या व्हायलाच हव्यात. पण नियम वयाप्रमाणे वाटणी करतो. सहा वर्षांच्या आतील मूल शिशुगृहात जाते. त्यापुढच्या मोठ्या मुलांची सोय वेगळी आणि मुलींची वेगळी. ताईंच्या उदाहरणातली बहीण सात वर्षांची आणि भाऊ तीन वर्षांचा. दोघे संस्थेत आले असते, तर बहुधा एक एका इमारतीत आणि दुसरा दुसऱ्या गावात, असे झाले असते. आई दवाखान्यात, बाप सुरतेला आणि आता बहीणही नाही. तीन वर्षांच्या पोराला हे कोणत्या शब्दांत समजावणार? मी अशा मुलांना पहिल्या दोन रात्री मांडीवर घेऊन बसलेलो आहे. ती झोपत नाहीत, दाराकडे पाहत राहतात.

त्यामुळे संस्था ही शेवटची वाट असावी, असे जे बाल न्याय कायद्याच्या तत्त्वांतच लिहिले आहे, ते मला पूर्ण पटते. मात्र ती वाट बंद करा, असे कोणी म्हणू नये. ज्या मुलाला चुलत मावशी नाही आणि शिक्षिकाही नाही, त्याच्यासाठी ती उघडीच राहिली पाहिजे. भुसावळसारख्या जंक्शनवर गाडीतून उतरवलेली मुले येतात, त्यांच्यासाठी दुसरे काय आहे?

एक व्यावहारिक गोष्ट. १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक दिवस-रात्र चालतो. तो १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला, तेव्हापासून पुष्कळ वर्षे संस्था चालवत होत्या. २०२३ पासून तो शासनाच्या यंत्रणेकडे आला आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडला गेला. कार्यालयाने फोन ठेवला, तर १०९८ ला करावा. तेथे झालेल्या फोनची नोंद होते, आणि नोंद झालेल्या फोनला उत्तर द्यावे लागते.

एकल_आई (पारोळा)

पैशांबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. माझे यजमान २०२१ मध्ये करोनाने गेले. दोन मुलांसाठी मी बालसंगोपन योजनेचा अर्ज केला. ही योजना महाराष्ट्रात १९७५ पासून आहे. आधी दरमहा ४२५ रुपये मिळत, नंतर ते १,१०० झाले आणि २०२३ पासून क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ते २,२५० रुपये झाले आहेत. केवळ अनाथांसाठी ती नाही. एकच पालक असलेली, पालकांना दुर्धर आजार असलेली, पालक रुग्णालयात असलेली, कुटुंब संकटात असलेली मुलेही तीत बसतात.

मात्र अर्जासोबत आधार, शिधापत्रिका, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, मृत्यूचा दाखला, घरासमोर मुलांसोबत काढलेला फोटो, बँकेचे खाते असे सगळे लागते. मग गृहभेट, मग समितीपुढे हजेरी, मग आदेश. माझ्या बाबतीत पहिला हप्ता येईपर्यंत वर्ष उलटले आणि तोही काही महिन्यांचा एकदम आला. त्या पैशांनी मुलांची फी भरली, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण ज्या पंधरवड्यात मी स्वतः ऑक्सिजनवर होते आणि मुले शेजारणीकडे होती, तेव्हा शेजारणीच्या घरात दोन जास्तीची ताटे लागत होती. तो खर्च तिचा तिनेच केला. तिने आजपर्यंत शब्दही काढलेला नाही, आणि मला ते मनात टोचत राहते.

केळीवाला दादा म्हणतात की, पैसे दिले तर नाते बिघडेल. दादा, न दिल्यानेही नात्यात ओशाळेपण येते. ते दिसत नाही, एवढेच.

मेलबर्नचा_अमळनेरकर

मी बारा वर्षे ऑस्ट्रेलियात आहे. तुलना करण्याचा आगाऊपणा नको असे वाटत होते, पण विषयच असा आहे की राहवले नाही. येथे पाळणाघराच्या शुल्कासाठी केंद्र शासन अनुदान देते आणि त्याच्यावर संकटातील कुटुंबांसाठी एक वाढीव अनुदान आहे. त्याचे वेगवेगळे प्रकार आहेत. घरावर अचानक आर्थिक आपत्ती कोसळली, तर ते १३ आठवड्यांपर्यंत मिळते. मुलाच्या सुरक्षिततेला धोका असेल, तर पाळणाघर स्वतःच प्रमाणपत्र देऊन सहा आठवड्यांपर्यंत ते सुरू करू शकते आणि कागदपत्रांची पूर्तता त्या काळात होत राहते. नातवंडांचा मुख्य सांभाळ करणाऱ्या आणि शासकीय निर्वाहभत्त्यावर असलेल्या आजी-आजोबांसाठी तर वेगळा प्रकार आहे.

मला यातील रक्कम महत्त्वाची वाटत नाही. क्रम महत्त्वाचा वाटतो. येथे मदत आधी सुरू होते आणि चौकशी नंतर पूर्ण होते. पारोळ्याच्या ताईंच्या बाबतीत तो क्रम नेमका उलटा होता.

अर्थात येथेही हे सारे नोंदणीकृत पाळणाघर जवळपास आहे, या गृहीतकावर उभे आहे. दूरच्या शेतवस्तीवर राहणाऱ्यांना त्याचा उपयोग कमीच होतो. आणि रात्रीचा प्रश्न येथील पाळणाघरही सोडवत नाही.

धुळे_वकील

मेलबर्नच्या मित्राने क्रमाबद्दल लिहिले, ते मला फार मोलाचे वाटले. आपल्या कायद्यात मुलाला ठेवण्याच्या बाबतीत तो क्रम आहे: आधी सुरक्षित जागा, मग १५ दिवसांत सामाजिक तपासणी (मुलाच्या घरच्या परिस्थितीची चौकशी), आणि पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांच्या आत अंतिम आदेश. पैशांच्या बाबतीत तो नाही. केंद्राच्या बाल संरक्षणाच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्व (मूल स्वतःच्या कुटुंबात राहावे म्हणून दिलेली मदत) आणि प्रतिपालकत्व (मूल काही काळ दुसऱ्या कुटुंबात सांभाळणे) यांसाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. प्रायोजकत्वासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरात ९६,००० रुपये आहे. आजारी किंवा अपघाताने अपंगत्व आलेल्या पालकांची मुलेही त्यात धरली आहेत. पण ही रक्कम जिल्ह्याच्या मान्यता समितीतून जाते. म्हणजे अकरा दिवसांचे संकट आणि महिन्यांच्या हिशेबाने चालणारी मंजुरी, असा हा मेळ आहे. प्रतिपालकत्वातही अल्पकालीन प्रकार आहे, पण त्याची कल्पना एक वर्षापर्यंतची आहे, आठवड्याची नाही.

माझे म्हणणे असे की, नवी योजना काढण्याची गरज नाही. समितीने योग्य व्यक्तीकडे तात्पुरता ताबा देण्याचा आदेश काढला की त्याच आदेशावर जिल्हा बाल संरक्षण कक्षाने ३० दिवसांपर्यंतचा दैनंदिन निर्वाहखर्च थेट सांभाळणाऱ्याच्या खात्यावर द्यावा, उत्पन्नाचा दाखला मागू नये आणि गृहभेट नंतर करावी. निवृत्त ताईंनी हंगामी वसतिगृहाचे सांगितले, त्यात जेवणाचा खर्च शासन करतेच. तो खर्च कारखान्याच्या हंगामाऐवजी समितीच्या आदेशाशी जोडायचा आहे.

केळीवाला_रावेर

पारोळ्याच्या ताईंचे वाचून मी दोन दिवस काही लिहिले नाही. माझ्या बागेत कापणीला येणाऱ्या टोळीत चौदा बाया आहेत. काल मुकादमाला विचारले, तेव्हा त्यांतील पाच जणींचे नवरे बाहेरगावी असल्याचे कळले. मी वीस वर्षे केळी लावतो आणि हे मला माहीत नव्हते. भावकी सांभाळते असे मी म्हणालो, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर माझी भावकी होती, जिच्याकडे जमीन आणि दुमजली घर आहे. टोळीतल्या बाईची भावकी तिच्याबरोबरच टोळीत असते आणि तीही पहाटे पाचला बागेत पोहोचलेली असते.

एजंटांबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे. आदेशावर थेट खात्यात पैसे, हे वकीलसाहेबांचे म्हणणे असेल तर माझी हरकत नाही. फॉर्म भरून घेणारे दुकान मध्ये आले, तर हरकत आहे.

निवृत्त_पर्यवेक्षिका (नंदुरबार)

एक सूचना. त्या आईची दुसरी शस्त्रक्रिया ठरलेली आहे, म्हणजे हे संकट तारीख सांगून येणार आहे. अशी संधी क्वचित मिळते. आताच गाव बाल संरक्षण समितीची सभा घ्यायला लावावी, इतिवृत्तात मुलांची नावे न लिहिता कुटुंबाची गरज नोंदवावी, आणि त्या नोंदीसह बालकल्याण समितीकडे आधीच अर्ज करावा. मुलांची ओळख बाहेर जाऊ नये, हे कायद्यानेच बंधनकारक आहे. ग्रामसभेत लाउडस्पीकरवर हा विषय घेऊ नये, एवढे कृपया पाहावे. मी असे घडलेले पाहिले आहे.

आणि आईशी बोलताना आधी तिला हे सांगा की, आदेशावर परत येण्याची तारीख लिहिलेली असेल. बाकीचे सगळे नंतर सांगा.

तापीकाठची_शिक्षिका (चोपडा तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. काल मी आणि अंगणवाडी सेविका मिळून त्या आईकडे गेलो होतो. मी कायद्यापासून सुरुवात केली असती, पण निवृत्त ताईंचे ऐकले आणि तारखेपासून केली. तिने दोनदा विचारले, "तारीख लिखेल राही ना?" मग म्हणाली की या वेळी दोघांनाही एकाच घरी ठेवा, धाकटा बहिणीशिवाय जेवत नाही.

म्हणून असे ठरले आहे: शिरपूरच्या चुलत मावशीने त्या दिवसांत चोपड्याकडे, मुलांच्याच घरी येऊन राहायचे, म्हणजे मुलीची शाळाही बुडणार नाही. योग्य व्यक्ती म्हणून अर्ज मावशीच्या नावाने होईल आणि पर्यायी म्हणून माझे नाव असेल. वडिलांना फोनवर सर्व सांगितले. ते संमतीचे पत्र सुरतेहून सही करून पाठवतील. सरपंचांनी सभा पुढच्या मंगळवारी ठेवली आहे. मावशीच्या बुडणाऱ्या मजुरीचे काय, याला अजून उत्तर नाही. ती मागणी अर्जातच वेगळ्या परिच्छेदात लिहावी, असे मला वाटते. नाकारली गेली तरी नकार लेखी मिळेल.

वकीलसाहेब, एक शंका राहिली. मावशी शिरपूरची, म्हणजे धुळे जिल्ह्याची. मुले जळगाव जिल्ह्यातली. अर्ज कोणत्या समितीकडे करावा?

धुळे_वकील

मुले जेथे आहेत त्या जिल्ह्याच्या, म्हणजे जळगावच्या समितीकडे. मावशी तेथेच येऊन राहणार असल्यामुळे अडचण येऊ नये. तिच्या रहिवासाचा पुरावा मात्र शिरपूरचा जोडा आणि ती कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मुलांच्या घरी राहणार, ते स्पष्ट लिहा. मजुरीच्या परिच्छेदात रोजची मजुरी आणि दिवसांची संख्या आकड्यांत द्या. मसुदा मला पाठवा, आखाजीच्या आत परत करतो.